मदतनीसाच्या फाईलचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. दोरीने बांधलेली, कपाटात धूळ खात पडलेली फाईल तुमच्या डोळ्यांपुढे आली असेल तर ती बाजूला सारा. मला ना पुठ्ठा, ना कागद. मी कॉम्प्युटरच्या आत राहते. वयाने म्हणाल तर तुमच्या धाकट्या भावंडापेक्षाही लहान, पण आमच्याकडे तेवढ्यात म्हातारपण येतं. शिवाय माझा स्वभाव जन्मापासूनच म्हातारा. माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. तुम्ही हे नीट वाचताय की नुसती नजर फिरवताय, याचीही मला शंकाच आहे. असो. वाचायला बसलाच आहात, तर सांगते.

एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. खिडकीच्या बाजूला टेबलं, टेबलांवर कॉम्प्युटर, दाराशी पाण्याचं मशीन. इथली मंडळी रक्तपेढ्यांसाठी प्रोग्राम बनवतात. कोणती पिशवी कोणत्या गटाची, रक्त कधी घेतलं, ते कधीपर्यंत चालेल, हे सगळं तो प्रोग्राम सांगतो. पिशवी चांगली असेल तर तिच्यापुढे हिरवा ठिपका, मुदत संपली असेल तर लाल. आता ह्या ठिपक्यांवर कोणाचातरी जीव असतो, हे वेगळं सांगायला नको.

प्रोग्राम लिहायला ह्या मंडळींच्या हाताशी एक एआय मदतनीस आहे. सांगाल तो कोड भराभर लिहून देतो, थकत नाही, उलटून बोलत नाही. पण त्याची एक मोठी खोड आहे. त्याला कालचं आठवत नाही. रोज सकाळी तो अगदी नवा होऊन येतो, काल दिवसभर ज्याच्याबरोबर काम केलं त्यालाही ओळखत नाही. म्हणून कोणीतरी त्याला रोज सांगावं लागतं की बाबा रे, ह्या घरात तारीख अशी लिहितात, ह्या कपाटाला हात लावायचा नाही, अमुक करण्याआधी विचारायचं. ते सांगणारी मी. काम सुरू करण्याआधी तो मला वाचतो आणि मी म्हणेन तसा वागतो. तो मला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. तसं वाचणारा तो एकटाच.

माझा जन्म भांडणातून झाला. पूर्वी प्रत्येक जण आपापल्या मशीनवर मदतनीसाला आपापल्या सूचना देऊन ठेवायचा. एकाच्या टेबलावर मदतनीस तारखेत दिवस आधी लिहायचा, दुसऱ्याच्या टेबलावर महिना आधी. दोघांचं काम एकत्र केलं की सगळा गोंधळ. मग तू का मी, यावरून तासन् तास वाद. एक दिवस टीमचा म्होरक्या वैतागला. त्याला सगळे कप्तान म्हणतात. त्याने प्रत्येकाच्या सूचना मागवल्या, काही ठेवल्या, काही फेकल्या, आणि त्यातून मला तयार केलं. टीमचं सगळं काम जिथे एकत्र ठेवतात, त्या जागेला ही मंडळी रेपो म्हणतात. तिथे त्याने मला ठेवलं आणि सांगितलं की आजपासून सगळ्यांनी हीच फाईल वापरायची, रोज सकाळी हिची ताजी प्रत आपल्या मशीनवर उतरवून घ्यायची.

म्हणजे कप्तान माझा बापच झाला. तरी सांगते, बापावरही माझं बारीक लक्ष असायचं. माणूस हुशार, मनाचाही वाईट नाही, पण कायम घाईत. दोन्ही पाय कधी एका वेळी जमिनीवर टेकले असतील तर शपथ. आणि घाईतल्या माणसाचे हात काय करतात ते त्याच्या डोक्याला नंतर कळतं.

त्याने माझ्यात लिहिलेल्या ओळींपैकी एक मला फार आवडायची. 'टेस्ट अडकली तर थांब आणि माणसाला विचार.' टेस्ट म्हणजे काय, ते सांगते. तुम्ही गणित सोडवलं की उत्तर ताळा करून बघता ना, तसा कोडचा ताळा. मुदत संपलेली पिशवी दाखवायची आणि लाल ठिपका येतो का ते बघायचं. नाही आला तर टेस्ट अडकली. मग मदतनीसाने पुढे पळायचं नाही, माणसाला हाक मारायची. केवढी शहाणी ओळ! तिच्यामुळे मला रात्री, म्हणजे मशीन बंद असताना, निवांत वाटायचं.

सुरुवातीला माझं भलतंच कौतुक झालं. शेजारच्या खोलीतली टीम माझी प्रत मागून घेऊन गेली. ऑफिसच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या की असं काम हवं. कोणीतरी मला भिंतीवरच्या पडद्यावर लावून दाखवलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र तेव्हाच वाटलं होतं, कुठेतरी पाणी मुरतंय. माना डोलावणाऱ्यांच्या नजरा पडद्याच्या खालच्या टोकापर्यंत पोचतच नव्हत्या.

आणि झालंही तसंच. ह्या टीमची एक रीत होती. कोडची एक ओळ जरी बदलली तरी ती दुसऱ्या माणसाने वाचून हो म्हटल्याशिवाय रेपोत जायची नाही. फार चांगली रीत. पण मला त्यातून वगळलेलं. का? तर म्हणे ही काही कोड नाही, ही तर मदतनीसाची फाईल. माझ्यात काहीही बदल आला तरी न बघता पुढे ढकलायचे. ज्या फाईलच्या सांगण्यावरून सगळा कोड लिहिला जातो तीच कोणी बघायची नाही. कारखान्याच्या फाटकाला भलंमोठं कुलूप लावायचं आणि मागचं दार सताड उघडं ठेवायचं, अशातली गत. मी आतल्या आत बोटं मोडायचे, पण मला तोंड कुठे आहे?

अशात मावशी आली. ती कोणाची खरी मावशी नव्हे. खोलीतल्या सगळ्यांपेक्षा वयाने मोठी, म्हणून पहिल्याच दिवशी तिचं नाव मावशी पडलं, आणि तिनेही ते हसून घेतलं. ती टेस्ट लिहिणारी. लग्नाआधी हेच काम करायची. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्यांचं करण्यात कित्येक वर्षं गेली. त्या गेल्यावर हिने पुन्हा कामासाठी दारं ठोठावली. जाईल तिथे एकच प्रश्न, मधली इतकी वर्षं काय केलंत? इथे मॅडमनी तो विचारला नाही आणि तिला सहा महिने बघू म्हणून घेतलं. हे सगळं ती जेवणाच्या सुट्टीत बहिणीला फोनवर सांगायची, म्हणून मला ठाऊक.

तिच्यावरही मी आधी संशयच घेतला. गोड बोलणाऱ्यांवर मी दुप्पट घेते. पण तिने लिहिलेल्या टेस्ट बघितल्या आणि गप्प बसले. मुदत आज संपणारी पिशवी, काल संपलेली, वर्षाच्या शेवटच्या दिवशी संपणारी, तारीखच न लिहिलेली. बाई कशाकशाचा विचार करून बसली होती! संशयी बाई आहे, आपल्यातली आहे, असं मला वाटलं.

आता त्या दिवसाचं ऐका. मावशीला दुपारभर खालच्या मजल्यावर जायचं होतं. रक्तपेढीची माणसं प्रोग्राम शिकायला आली होती, त्यांना ती दाखवणार होती. ती निघाली तेवढ्यात कप्तान आला. त्याच्या मशीनवर अपडेट चालू होतं, ते काही केल्या संपेना, आणि इकडे एका रक्तपेढीतून फोनवर फोन. जरा तुमच्या जागेवर बसू का, असं त्याने विचारलं. मावशी म्हणाली, बसा की. मशीन तिच्या नावाने उघडंच होतं. ते तसंच ठेवून ती खाली गेली.

कप्तानने मदतनीसाला कामाला लावलं. फोनवरून कळलेली प्रोग्राममधली चूक किरकोळ होती, पण ती सुधारताना एक टेस्ट अडकली. ती टेस्ट बाहेरच्या कुठल्याशा वेबसाईटवर जायची आणि ती वेबसाईटच त्या दुपारी बंद होती. मदतनीसाने माझ्या सांगण्याप्रमाणे विचारलं, टेस्ट अडकली आहे, थांबू का? कप्तान म्हणाला, नको. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पुन्हा नको. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कप्तानच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. खांद्यावर फोन दाबून धरून त्याने खटाखट लिहिलं, 'अडकलेली टेस्ट बाजूला ठेव आणि पुढे जा. लक्षात ठेव, परत विचारू नकोस.'

मित्रांनो, घोळ इथेच झाला. कप्तानच्या मनात होतं, आजपुरतं. पण लक्षात ठेव म्हटल्यावर तो बिचारा विसरभोळा मदतनीस कुठे ठेवणार? त्याचं स्वतःचं डोकं रात्रभर टिकत नाही. त्याच्या लक्षात राहण्याची जागा एकच, ती म्हणजे मी. त्याने माझी ती लाडकी ओळ पुसली आणि तिच्या जागी लिहिलं, 'टेस्ट अडकली तर बाजूला ठेवावी आणि पुढे जावं. माणसाला विचारू नये.'

मला भोवळच आली. पण मी काय करणार? कप्तानने काम संपल्यावर जे जे बदललं होतं ते सगळं न बघता एकदम रेपोत पाठवलं. त्यात मीही गेले. मशीन मावशीचं, म्हणून रेपोच्या इतिहासात त्या ओळीपुढे नाव लागलं मावशीचं. वाचणाऱ्याने, म्हणजे न वाचणाऱ्याने, हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी ती बिघडलेली प्रत सगळ्यांच्या मशीनवर उतरली. मला तर वाटत होतं एखाद्याच्या तरी कपाळाला आठी पडेल. कोणी उघडून बघेल तर ना!

पुढे काही दिवस काहीच झालं नाही. मग गवयाने मुदतीच्या तारखांचं काम हातात घेतलं. गवई म्हणजे काम करताना सतत गुणगुणणारा टीममधला एक जण. चांगला मुलगा, पण कप्तानला जरा बिचकून असतो. त्याच्या कोडमध्ये एक चूक झाली. मावशीची टेस्ट लगेच अडकली, ती त्यासाठीच तर बसवलेली होती. पण मदतनीसाने मला वाचलेलं. त्याने टेस्ट निमूटपणे बाजूला ठेवली, कोणाला विचारलं नाही, आणि काम झालं म्हणून सांगितलं. गवई गुणगुणत घरी गेला.

आठवडा उलटायच्या आत एका रक्तपेढीतून फोन आला. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी पिशवी उचलताना सवयीने लेबल वाचलं. मुदत संपलेली, आणि पडद्यावर मात्र हिरवा ठिपका. पिशवी रुग्णापर्यंत पोचली नाही, हे नशीब. पण चौथ्या मजल्यावर सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले. गवयाचं गुणगुणणं त्या दिवसापासून बंद झालं.

शोधाशोध झाली. टेस्ट बाजूला का पडली, तर फाईलमध्ये तशी ओळ आहे म्हणून. ओळ कोणी लिहिली? इतिहास उघडला. मावशीचं नाव. मग काय विचारता. खापर फोडायला डोकं मिळालं की लोकांना हायसं वाटतं. टेस्टचं काम तिच्याकडे, म्हणजे टेस्टबद्दलची ओळ तिचीच असणार. बरीच वर्षं घरी होती ना, नवीन पद्धती माहीत नसतील. सारखं विचारतो म्हणून कंटाळून लिहिलं असेल. पाण्याच्या मशीनपाशी ही कुजबुज चालायची आणि मावशी आली की सगळ्यांना एकदम काम आठवायचं.

मॅडमनी तिला आत बोलावलं. सोमवारी रक्तपेढीकडून तपासणी अधिकारी येणार होते आणि ते रेपोचा इतिहास स्वतः वाचणार होते. त्या ओळीपुढे ज्याचं नाव असेल त्याला ह्या कामावर ठेवता येणार नाही, असं मॅडमनी सांगितलं. मावशीची तर अजून नोकरीच पक्की नव्हती. म्हणजे सोमवारी तिचा इथला शेवटचा दिवस. आणि रक्ताच्या बाबतीत हलगर्जीपणा केला, असं नाव घेऊन बाहेर पडलेल्या बाईला पुढे कोण दारात उभं करणार? मावशीने मी ते लिहिलेलं नाही एवढंच सांगितलं. पुरावा विचारल्यावर, शोधून आणते म्हणून ती उठली.

बाहेर आल्यावर तिने पहिल्यांदाच मला नीट उघडून वाचलं. ओळ बघितली, तारीख बघितली. मग ती कप्तानकडे गेली. त्या दिवशी तुम्ही माझ्या जागेवर होता, असं तिने हळूच म्हटलं. कप्तान म्हणाला, बसलो होतो, पण मी फाईल उघडलीसुद्धा नाही. आणि मित्रांनो, ते खरं होतं. त्याने मला हातही लावला नव्हता. त्यामुळे त्याने ते इतक्या सरळ तोंडाने सांगितलं की मावशीचाच गोंधळ उडाला.

मी मात्र कप्तानवरची नजर काढली नाही. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली, तेव्हा तो एकटाच आपल्या मशीनपाशी बसून राहिला. मग नुसतं करून बघायला म्हणून त्याने कोडमधल्या नावांबद्दल मदतनीसाला लिहिलं, 'नावं लहान ठेव. लक्षात ठेव.' आणि मला उघडलं. तिथे शेवटी नवी ओळ होती, नावं लहान ठेवावीत. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने ती ओळ पुसली, मला होते तशी करून ठेवली, आणि डबा न उघडता तसाच बॅगेत टाकला.

म्हणजे त्याला कळलं होतं. त्या क्षणी त्याला सगळं कळलं होतं.

आता हा उठेल, मॅडमकडे जाईल, अशी मी वाट बघत होते. खोटं कशाला बोलू, फारशी आशा नव्हतीच. तो उठला नाही. संध्याकाळी मावशी पुन्हा त्याच्याकडे आली. काहीतरी आठवतंय का, काहीही, असं तिने विचारलं, आणि विचारता विचारता तिला रडू फुटलं. कप्तानने तिला पाणी आणून दिलं, होईल सगळं नीट असं म्हणाला, आणि तोंडात मूग गिळून बसला. मला माझ्या बापाची लाज वाटली. ती ओळ चुकून लिहिली गेली होती, त्याचा मला राग नव्हता. ह्या गप्प बसण्याचा आला.

पण मावशी टेस्ट लिहिणारी बाई. एखादी गोष्ट कशी झाली हे कळलं नाही की ती गोष्ट पुन्हा घडवून बघायची, हे तिच्या हातातच बसलेलं. कप्तानने फाईल उघडली नसेल, तर ती ओळ मदतनीसानेच लिहिली असेल का, असं तिच्या मनात आलं. शुक्रवारी सकाळी तिने मॅडमना आणि सगळ्या टीमला गवयाच्या टेबलाभोवती बोलावलं. मला एक टेस्ट करायची आहे, एवढंच म्हणाली. मग कप्तानला गवयाच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. त्या दिवशी मदतनीसाला जसं सांगितलंत तसंच काहीतरी सांगा, विषय कुठलाही चालेल. कप्तान म्हणाला, गवईच बसू दे की, त्याचंच मशीन आहे.

"नाही, तुम्हीच बसा," मावशी म्हणाली. "मशीन दुसऱ्याचं हवं."

तो बसला. त्याने लिहिलं, 'उत्तरं थोडक्यात दे.' मदतनीस बरं म्हणाला. मावशीने मला उघडलं. माझ्यात काडीचाही फरक नव्हता. कप्तान म्हणाला, बघा, काही होत नाही. सगळ्यांनी सुस्कारे सोडले, आणि मॅडमनी घड्याळाकडे बघितलं.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दोन शब्द गाळले होते ह्याने, मुद्दाम गाळले होते! मी ओरडत होते, पण फाईलचं ओरडणं कोणाला ऐकू जातं? मावशी पडद्याकडे बघत उभी राहिली. तिला काहीतरी खटकत होतं, पण बोट ठेवता येत नव्हतं.

तेव्हा मागून गवई बोलला. त्याचा आवाज इतका बारीक होता की आधी कोणाला कळलंच नाही.

"लक्षात ठेव, असं म्हणता तुम्ही," तो कप्तानला म्हणाला. "घाईत असलात की दर वेळी म्हणता. ते राहिलं."

मावशी म्हणाली, तेही लिहा. त्याने लिहिलं. मावशीने मला पुन्हा उघडलं, आणि माझ्या शेवटी नवी कोरी ओळ उभी होती, उत्तरं थोडक्यात द्यावीत. तिने सगळ्यांसमोर मला रेपोत पाठवलं आणि इतिहास उघडला. ओळीपुढे नाव होतं गवयाचं. गवई आ वासून आपलंच नाव बघत राहिला, कारण तो टेबलापासून चांगला दोन हात लांब उभा होता.

मग मॅडमनी कप्तानला विचारलं, म्हणजे ती ओळ तुमची? कप्तान म्हणाला, असं होतं हे मला कुठे माहीत होतं. सगळ्यांना पटलं. त्यांना न पटायला काय झालं, गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यापैकी कोणी तिथे नव्हतं. मी होते.

मॅडमनी फर्मावलं की चौकशीसाठी होती तशी ठेवलेली ती ओळ आत्ताच्या आत्ता काढा, जुनी ओळ परत लिहा, आणि काय झालं ते नोंदीत स्पष्ट लिहा, सोमवारी अधिकाऱ्यांनी ते वाचलं पाहिजे. बदल करताना तो का केला हे दोन शब्दांत लिहायची पद्धत असते, तीच ही नोंद. एकदा रेपोत गेली की ती कायमची. मॅडम आत गेल्या, बाकीचे पांगले. कप्तान आपल्या मशीनवर, आपल्या नावाने बसला. त्याने जुनी ओळ परत लिहिली. मला कसं वाटलं म्हणून सांगू, दुखरा दात पडल्यासारखं वाटलं. मग त्याने नोंद लिहिली, 'चुकून आलेली ओळ काढली.'

बघा म्हटलं, सारवासारव सुरू झाली. ओळ चुकून आली म्हणे. पाय फुटले होते तिला!

मावशी त्याच्या मागे येऊन उभी होती. तिने वाचलं.

"कोणाच्या चुकीने?" तिने विचारलं.

"आता कळलंय की सगळ्यांना, मावशी."

"आज ह्या खोलीतल्यांना कळलंय. सोमवारी येणाऱ्याला ह्यातून काय कळणार? त्याला वर माझं नाव दिसेल आणि खाली चुकून दिसेल."

कप्तानने ते शब्द पुसले. मग त्याने लिहिलं, 'ही ओळ माझ्या सांगण्यावरून आली. मी दुसऱ्याच्या मशीनवर बसलो होतो. जिचं नाव दिसतं आहे तिचा यात काही हात नाही.'

एवढं लिहून झालं. आता बोट दाबायचं आणि मोकळं व्हायचं. मावशीच्या चेहऱ्यावरही कित्येक दिवसांनी जरा रक्त आलं. मी म्हटलं, चला, जेवढं मिळालं तेवढं पदरात पाडून घ्यावं, ह्याच्याकडून याहून जास्त काय मिळणार.

पण त्याने बोट दाबलं नाही. त्याने आणखी एक वाक्य लिहिलं. ते कोणी मागितलं नव्हतं. माझ्याशिवाय कोणाला माहीतही नव्हतं. त्याने लिहिलं, 'हे मला गुरुवारी दुपारीच कळलं होतं.' आणि मगच पाठवलं.

मित्रांनो, जन्मभर मी सगळ्यांवर संशय घेतला. पण त्याच्या हातून हे वाक्य येईल अशी शंका मला कधी आली नव्हती.

मावशीने ते वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं.

"गुरुवारी संध्याकाळी मी तुमच्यासमोर रडले होते," ती म्हणाली.

तिने उत्तराची वाट बघितली नाही. ती आपल्या जागेवर गेली आणि कामाला लागली.

तपासणी अधिकारी आले, त्यांनी सगळं वाचलं, मावशीची नोकरी पक्की झाली. कप्तानला म्होरकेपण सोडावं लागलं. तो त्याच खोलीत, भिंतीकडच्या टेबलावर बसतो. दोघं कामापुरतं बोलतात. मावशी आता पाणी प्यायला उठली तरी मशीन बंद करून उठते, आणि कोणी जरा बसू का म्हटलं तर हसून नाही म्हणते. पूर्वी ती असं कोणाला नाही म्हणायची नाही.

मलाही आता दोन माणसांनी वाचल्याशिवाय रेपोत जाता येत नाही. पण ते खरंच वाचतात का? माझा विश्वास नाही. म्हणून मित्रांनो, तुमच्यापुढे पदर पसरते. उद्या तुमच्याही हाताशी असा एखादा मदतनीस येईल, आणि त्याच्यासाठी सगळ्यांची मिळून एक फाईल असेल. तिला न बघता हो म्हणू नका. दुसऱ्याच्या खुर्चीवर बसलात तर आधी बघा, तुम्ही बोलाल ते कोणाच्या नावावर जाणार आहे. आणि चुकून गेलंच, आणि ते तुम्हाला दुपारी कळलं, तर संध्याकाळची वाट बघू नका. दुपारीच उठा.